हॅड राहिला

अख्खी गल्ली त्यांना हॅडबाई म्हणायची. जिन्याखालच्या खोलीत त्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवत. स्वल्पविराम विसरला तर अर्धा मार्क जाई. पण आधी घडलेल्या गोष्टीला ‘हॅड’ लावला नाही, तर अख्खं वाक्य शून्य! “अरे, दोन गोष्टी घडल्या तर आधीची कुठली, हे नको कळायला?” असं म्हणून टेबलावर डस्टर आपटायच्या. फळीच्या भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ झोपायचा प्रयत्न करी. इंग्रजीचा त्याला गंध नव्हता, पण तो ‘हॅड’ ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

हा भाऊ कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. एक दिवस वाफेचा पाइप फुटला आणि एका कामगाराचा हात भाजला. भावाने झडप वेळेवर बंद केली नाही, असा आळ मॅनेजरने घेतला. चौकशी लागली, जबाब इंग्रजीत मागितला. घरात इंग्रजीची एवढी मोठी पंडित असताना दुसऱ्याकडे कोण जाणार? भावाने सांगितलं, बाईंनी लिहिलं, त्याने डोळे झाकून सही ठोकली.

चौकशीच्या सकाळी बाई भावाबरोबर गेल्या. दाराबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी जबाबाची प्रत काढली आणि एका वाक्यावर त्यांचं बोट थांबलं. ‘व्हेन द मॅनेजर केम, आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह.’ म्हणजे मॅनेजर आला, मग याने झडप बंद केली! तोवर काय, हा बघत बसला होता?

“तू मला नक्की काय सांगितलं होतंस रे?”

“हेच की, मॅनेजर आले तेव्हा मी झडप बंद केलेली.”

केलेली! हा मेला पहिल्यापासून शब्द गिळतो. आणि बाईंनी ऐकलं ‘केली’. एक ‘ले’ कानातून निसटला आणि भावाची नोकरी टांगणीला लागली.

“चुकले रे मी,” त्या म्हणाल्या. “हॅड राहिला.”

तो काही बोलायच्या आत शिपायाने हाक मारली. बाई उठल्या, तर शिपाई आडवा आला. “बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, बाई.”

भाऊ एकटाच आत गेला. दार अर्धवट उघडंच होतं. चौकशी अधिकाऱ्याने जबाब मोठ्याने वाचला. “हे तुम्हीच लिहून दिलंय. सही तुमचीच?”

“सही माझीच, साहेब. पण तिथं हॅड राहिलाय.”

“काय राहिलंय?”

“हॅड. झडप आधीच बंद केलेली. आधीच्याला हॅड लागतो.”

कुणीतरी खुसकन हसलं. अधिकाऱ्याने विचारलं, “इंग्रजी येतं तुम्हाला?”

“एवढंच येतं, साहेब. बाकीचं ताईला येतं. तिनंच लिहिलंय ते.”

मग बाईंना आत बोलावलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “चूक माझी आहे. तो ‘केलेली’ म्हणाला, मी ‘केली’ ऐकलं.”

“सख्खी बहीण असंच म्हणणार!” मॅनेजर म्हणाला.

अधिकाऱ्याने त्याच्याकडे मान वळवली. “झडप बंद करताना याला तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“पाहिलं असं नाही... पण याच्याच जबाबात आहे ना!”

“मग तुम्ही आलात तेव्हा हा काय करत होता?”

मॅनेजरला सांगावंच लागलं, “त्या भाजलेल्याच्या हातावर पाणी ओतत होता.”

“आणि पाइपमधून वाफ येत होती?”

“...नव्हती.”

अधिकाऱ्याने पेन बाईंपुढे सरकवलं. त्यांनी ‘आय’ आणि ‘क्लोज्ड’च्या मधे तीन अक्षरं घातली. आयुष्यभर फळ्यावर गिरवलेली अक्षरं, पण ती इतकी वाकडी आली की पहिलीतल्या पोरानंही बरी काढली असती. बाजूला भावाने सही केली. आळ तिथंच मागे घेतला गेला.

 परतताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर भाऊ म्हणाला, “ताई, हॅड विसरला तर तू किती मार्क देतेस गं?”

“शून्य.”

“मी दिले असते थोडे,” तो म्हणाला, आणि हॅडबाई भर रस्त्यात रडायला लागल्या.