आत्याच्या टाकीतलं पाणी

"येताना मीठ नको आणूस," बाबा दवाखान्यातून फोनवर म्हणाले. एवढंच. मी कल्याणला कॉलेजात शिकते. महिन्यातून एका शनिवारी घरी जाताना आत्याच्या टाकीसाठी समुद्री मिठाचं पाकीट न्यायचं, हे माझं ठरलेलं काम. फोन ठेवून मी कॉलेजच्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि मग हळूहळू कळलं... आत्या गेली होती. याला आता काही आठवडे झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. असं काही लिहायची सवय नाही, जमेल की नाही माहीत नाही. पण तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटतं.

सुजाता आत्या बाबांची धाकटी बहीण. शहापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस होती, लग्न केलं नव्हतं. किन्हवलीजवळच्या आमच्या गावात, तिच्या खोलीत, खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी होती. आत पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि खडकावर डोलणारी मऊ प्रवाळं. शेजारच्या शेवंतामावशी दारातूनच ओरडायच्या, "सुजे, दोन बांगडे तरी सोड गो त्यात! कालवण तरी व्हईल." आत्या म्हणायची, "तुमचा आवाज ऐकूनच कोपऱ्यात बसलेत ते, मावशी."

उन्हाळ्यात मात्र ही थट्टा थांबायची. विहीर तळाला गेली की टँकर यायचा, त्या पाण्याला टीसीएल पावडरचा, क्लोरीनचा वास. तसलं पाणी प्रवाळांना चालत नाही, शुद्ध करावं लागतं. आणि फिल्टर एक बादली चांगलं पाणी देताना तीन-चार बादल्या बाजूला फेकतो. हंड्यावरून भांडणं होतात त्या गावात हे कसं चालावं? टाकी जगवायची, पण कुणाच्या तोंडचं पाणी घ्यायचं नाही, असं आत्यानं ठरवलं होतं. दाब कमी असला की फिल्टर जास्त पाणी फेकतो, हे कळल्यावर तिनं त्याला छोटी मोटर बसवली. पाणी वाफ होऊन उडू नये म्हणून टाकीवर काच ठेवली. फेकलेलं पाणी नळीनं ड्रममध्ये घेतलं. त्यात आमची भांडी निघायची, कपडे निघायचे, उरलेलं शेवंतामावशींच्या म्हशीला. बाबा म्हणायचे, "फिल्टरचं पाणी पिऊन म्हैस आता शाळेत नाव घालायला सांगंल."

मग आत्याच्या किडन्या बिघडल्या. ती पहिल्यांदा दवाखान्यात होती तेव्हा टाकीतलं पाणी कमी झालेलं बाबांनी पाहिलं. त्यांनी मायेनं टँकरचं पाणी ओतलं, वर स्वयंपाकघरातलं मूठ-दोन मूठ मीठ टाकलं. समुद्र तो, मीठ नको का? आत्या परत आली तोवर बहुतेक प्रवाळं पांढरी पडून गळली होती. ती काचेला हात लावून उभी राहिली. "दादा, पाणी उडतं रे. मीठ नाय उडत," एवढंच म्हणाली, आणि बाबांनाच चहा करून दिला.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एकदा मी सोबत होते. मशीनमागच्या नळीतून पाणी सारखं वाहत होतं. तिनं तिथल्या माणसाला विचारलं, "मशीनला पण फिल्टरचंच पाणी लागतं ना? मग फिल्टर जे फेकतो, ते कुठं जातं?" तो म्हणाला, "गटारात, ताई." परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मग म्हणाली, "डायलिसिसच्या एका खेपेच्या पाण्यात माझी सगळी टाकी भरंल गो... आन् मी ड्रम लावत बसले."

वैशाखात टँकर येईना झाला, तेव्हा तिनं डायलिसिसच्या लागोपाठ दोन खेपा चुकवल्या. कारण बसचं सांगितलं. ते खरंही असेल; बस खरंच बंद पडायची. तिसऱ्या खेपेला बाबांनी तिला रिक्षात घालून नेलं, पण उशीर झाला होता.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी ते दोन मासे कल्याणच्या दुकानात देऊन आले. पाण्याचं काय करायचं, हे मात्र कुणाला कळेना. शेतात ओतलं तर जमीन खारवते, ओढ्यात सोडलं तर खाली गुरं पितात. दारात रिकाम्या हंड्यांची रांग, आणि घरात टाकीभर पाणी कुणाच्याच कामाचं नाही. बाबा ठाण्याला कामाला जातात. त्यांनी पाच लिटरचा एक कॅन घेतला. रोज सकाळी तो टाकीतून भरतात, पिशवीत घालून नेतात आणि कळव्याला खाडीत ओततात. मी म्हटलं, "बाबा, एकदाच टेम्पो करू या ना."

"जाईल ना. तुला कसली घाई हाय?"

आता टाकीत वीतभर पाणी राहिलं आहे. गेल्या आठवड्यापासून बाबा कॅन अर्धाच भरतात.