दोन टोळ

आलापल्लीच्या रंजीता मडावीला नोकरी लागली, तेव्हा आपलं काम मायला, सोमारीबाईला, समजावताना तिची दमछाक झाली. संगणक इंटरनेटवरची मराठी पानं वाचतो, वाचून कळलेली गोष्ट एकेका ओळीत मांडतो, आणि गडचिरोलीच्या कार्यालयात बसून रंजीता त्यापुढे खरं की खोटं ते लिहिते.

"म्हणजे लेकराचा अभ्यास तपासाचा," सोमारीबाईनं निकाल दिला.

एक दिवस ओळ आली: टोळ हा पिकं खाणारा कीटक आहे. खरं. खालीच दुसरी: या कीटकापासून तेल काढतात. रंजीताला हसू आवरेना. टोळ म्हणजे तिच्याकडच्या बोलीत मोहाचं फळसुद्धा. त्याच्या बियांचं तेल तिच्या घरी दरवर्षी निघायचं. संगणकानं तेही कुठंतरी वाचलं होतं आणि दोन्ही टोळ एकाच पोत्यात भरले होते.

आदेश, तिचा वरिष्ठ, म्हणाला, खोटं लिही अन् पुढं चल. तिला पटेना.

"खोटं कसं लिहू, भाऊ? तेल तर निघतेच. खोटं म्हटलं तर तो खरी गोष्ट विसरून जाईन. त्याले सांगा, टोळ दोन आहेत."

आदेशनं बराच विचार केला आणि एका शब्दाचे दोन अर्थ नोंदवायची सोय करून घेतली. पण मोहाच्या टोळाबद्दल वाचायला पुरेशी पानं होती कुठं? रविवारी रंजीता गावी गेली. टोळ कधी पडतात, कसे फोडतात, बिया वाळवून तेल कसं काढतात, हे मायनं सांगितलं. रंजीतानं ते लिहून फोटोंसकट इंटरनेटवर टाकलं.

तीन आठवड्यांनी यादीत दोन टोळ वेगळे झालेले दिसले. ती खूश होऊन पुढं वाचत गेली आणि एका ओळीवर थबकली: 'चार' हा आकडा आहे, 'चार' हे जंगलातलं फळही आहे, त्याच्या बीला चारोळी म्हणतात.

हे तिनं शिकवलंच नव्हतं. तिनं मागोवा घेतला. कुण्या प्रवाशाच्या जुन्या पानावर एक वाक्य होतं, 'जंगलात चार पिकले होते', आणि तिथं आकडा बसत नाही हे संगणकानं स्वतःच ओळखलं होतं. आदेशला हाक मारून तिनं लगेच मायला फोन लावला.

सोमारीबाईनं सगळं ऐकून घेतलं. "मंग आता त्याले आपली गोंडी वाचाले शिकव," ती म्हणाली.

गोंडीची पानं आधी लिहावी लागणार होती. रंजीतानं त्याच दुपारी आदेशकडे तीन माणसं मागितली. दोन मिळाली.