इवायांच्या टाकीतली खिलार जोडी

पाण्यासाठी जीव टाकणारी माणसं आमच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव भेटतील, पण पाण्यात राहणाऱ्यांसाठी जीव टाकणारा माणूस सबंध जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा इवाई निघावा हे माझं नशीब. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. ते लोहाऱ्याचे, मी वाशीकडचा. मी शाळा चौथीपर्यंतच पाहिली, पण बैल असा ओळखतो की नुसती मागून चाल बघून तो जुवाला उजवीकडं चालणारा की डावीकडं, ते सांगतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात सगळे मलाच बोल लावतात, आणि बोल लावणाऱ्यांतल्या एकानंही आयुष्यात कासरा हातात धरलेला नाही.

इवायांनी उभा जन्म लोहारा-उमरगा रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. नऊ जणांच्या गाडीत एकोणीस माणसं, टपावर दोन करडं, आणि मागं लोंबकळणारे निराळे. ‘जागा नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. सोयरिकीच्या बोलणीला मी त्यांच्याच जीपमधून गेलो होतो. माझ्या मांडीवर एक अनोळखी म्हातारी बसवून ते म्हणाले, "पाव्हणं, जरा सरका, आजून दोघं येतेत." असा माणूस म्हातारपणी बैठकीत काचेची टाकी मांडून बसला, आणि आता त्या टाकीत एक मासा जास्तीचा सोडायचा म्हटलं की त्यांना दरदरून घाम फुटतो. माझ्या जावयानं एकदा हौसेनं मोठा सोनेरी मासा आणला, तर टाकीपुढं दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. "सीट फुल हाय! आन् ह्येला गार पाणी लागतंय, घाण बी लई करतंय. ह्यो आपल्या लायनीचा पाशिंजर न्हाय." तो मासा त्याच पिशवीतून परत गेला.

त्यांच्या मते टाकी आणि जीप यांत फरक म्हणाल तर एवढाच की टाकीला हॉर्न नाही. "कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसंल, एवढंच बघायचं आस्तंय, इवाई," ते मला समजावून सांगत. "ह्यो गुरामी म्हंजी सासुरवाडीला निघालेला जावई. इस्त्रीची कापडं, सावकाश चाल. त्येच्या शेजारी पट्ट्यापट्ट्याचे बार्ब मासे बसवले की झालं वाटोळं. कालेजची पोरं हाईत ती, मिशा वढतेत त्येच्या. त्येला आपलं निऑन माशाचं बारीक, गरीब गिऱ्हाईक द्यायचं. आन् तळाला बसून गप खाणारे चार-सा जण." गुरामी हा त्यांचा लाडका. बोटाएवढा मासा, अंगावर निळ्या-तांबड्या तिरप्या रेघा, पोटाखाली दोऱ्यासारख्या दोन लांब मिशा. आंधळ्यानं काठी टेकत चालावं तसा तो त्या मिशांनी पुढचं चाचपत हिंडतो. त्याची एक खोड मात्र मलाही आवडली. बाकीचे मासे पाण्यातच श्वास घेतात, हा गडी दर थोड्या वेळानं वर येतो, बाहेरच्या वाऱ्याचा एक घोट घेतो आणि परत खाली जातो. तो वारा गार लागला तर मासा आजारी पडतो म्हणे. म्हणून थंडीत त्या टाकीवर इवायांची स्वतःची शाल असते आणि इवाई उघडे बसतात. झाकणाखाली वाऱ्यापुरती फट आहे की नाही, हे उदबत्तीचा धूर धरून बघतात. नळाचं पाणी एक दिवस बादलीत मुरल्याशिवाय माशांना चालत नाही. त्यामुळं घरातल्या साऱ्या बादल्या अडकलेल्या, आणि माझी लेक आंघोळीला पातेलं घेऊन जाते. वर पुन्हा इवाई माळकरी. गल्लीतले लोक येता-जाता विचारतात, "कवा करायचं कालवण?" त्यावर ते माळेला हात लावून म्हणतात, "आमच्या घरी माशाला जीव लावतेत, मसाला न्हाय."

तर असा हा माणूस. त्यांचा जुना गुरामी म्हातारा होऊन गेला, त्याच सुमाराला माझ्या नातवाचं जावळ निघालं. इवायाला आहेर करणं माझं काम. टॉवेल-टोप्यांनी त्यांचं कपाट भरलेलं होतं. मी म्हटलं, यंदा आहेरात गुरामी. ते लहान लेकरासारखे खूश झाले आणि आम्ही दोघं एसटीनं सोलापूरला गेलो.

दुकानात इवायांनी मासा कसा निवडला ते बघून माझ्या मनातला त्यांचा मान वाढला, खोटं कशाला बोलू. अर्धा तास नुसते काचेपुढं उभे. जो कोपऱ्यात अंग चोरून बसलाय तो बाद. ज्याचे पर मिटलेले तो बाद. अंगावर चट्टा नको, पोट आत गेलेलं नको, फुगलेलंही नको, डोळा स्वच्छ पाहिजे. शेवटी दुकानदाराला म्हणाले, "चिमूटभर खाणं टाका. जेवताना बघतो आन् मंग बोलतो." अगदी बाजारात आम्ही बैलापुढं पेंडी टाकून बघतो तसं. जो पहिल्यांदा धावून आला त्यावर त्यांनी बोट ठेवलं. निवड बरोबर होती. पण एकच? मी बारकाईनं बघितलं. त्याच रंगाचा, त्याच उंचीचा, तसाच रुबाबदार आणखी एक गडी होता. शिंगं नव्हती, नाहीतर खिलार जोडीच. मी म्हटलं, "ह्यो बी बांधा."

"येकच बास की, इवाई," ते हळूच म्हणाले.

"एका बैलावर कधी औत चाललंय? म्या आहेर करतोय का भीक घालतोय?"

दुकानदार तोंड उघडून म्हणाला, "अहो काका, हे दोन्ही नर..." आणि तेवढ्यात इवायांनी त्याच्या पायावर पाय दिला. मी पाहिलं. मला वाटलं, भाव पाडायची खूण असेल.

ते काय होतं ते मला पुढं कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. असले दोन नर लहान टाकीत ठेवत नाहीत. एक दुसऱ्याला मारतो. इवायांना हे दुकानातच ठाऊक होतं. पण लेकीच्या बापानं चारचौघांत हौसेनं दिलेल्या आहेरात खोट काढायची, हे त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी दोन्ही मासे डोक्याला लावून घेतले आणि त्या दिवसापासून दोन्ही जिवंत ठेवायचे आणि मला कळू द्यायचं नाही, असा विडा उचलला. मी फोन केला की ठरलेलं उत्तर, "जोडी झकास हाय! एका दमात चालतेत!"

महिन्यानं गेलो तर टाकीचं रूप पालटलेलं. मधोमध करवंट्या, दगड, वर तरंगणारा पाला, म्हणजे ह्याला तो दिसू नये. दर आठवड्याला इवाई दगडांच्या जागा बदलत. पाण्यातही बांध कोरतात म्हणे. सारखी नवी मोजणी झाली की भांडायला कुणाला हद्दच आठवत नाही. खाणं टाकताना दोन्ही हात फाकून टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी चिमूट सोडत. लांबून वाटावं, टाकीलाच मिठी मारतायत. मला म्हणाले, "व्यायाम हाय, खांदं धरतेत." तेव्हाच मला पाण्यावर एका कोपऱ्यात पांढरा फेस दिसला. जनावराच्या तोंडाला फेस म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मी ओरडलो, "इवाई, लाळ-खुरकत! हळद आणा, तुरटी आणा!" आणि हातानं सगळा फेस काढून टाकला. इवाई कळवळले, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. तो फेस म्हणजे त्या नरानं पिल्लांसाठी बांधलेलं बुडबुड्यांचं घरटं होतं, हे लेकीनं मागाहून सांगितलं. आता दोन बैलांच्या संसारात पिल्लं कुठली, हे मात्र मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

नंतर एकदा मी न कळवता गेलो. भर दुपारची वेळ. पंखा बंद. इवाई टाकीसमोर स्टुलावर घामानं निथळत बसलेले, हातात भाजीची पळी. एक गुरामी वर पाण्याच्या तोंडाशी राखण करत फिरत होता. दुसरा खाली करवंटीत दबलेला, रंग उडालेला, शेपटी फाटलेली. त्याला वाऱ्याचा घोट घ्यायला वर यायचं होतं, आणि वरचा येऊ देत नव्हता. इवाई पळीनं वरच्याला हळूच बाजूला ढकलत आणि खालच्याला म्हणत, "ये, ये, आता ये, घे." तो भीत भीत वर आला, एक घोट घेतला आणि परत गेला. इवायांनीही श्वास सोडला. मग मागं मी उभा दिसलो तसे पळी लपवून म्हणाले, "आवं इवाई! कवा आलाव? जोडी झकास हाय!"

मी तडक आत लेकीकडं गेलो. ती म्हणाली, "दादा, दोन महिनं झालं, मामा असंच बसतेत. भाचीच्या लग्नाला सोनारीला बी गेले न्हाईत. ती बगा, कपाटावर धाकली टाकी. त्यात पाणी बी भरून ठिवलंय. येक तिकडं सोडला की मिटलं. पण म्हणतेत, पाव्हण्यानं जोडी लावून दिलीय, म्या फोडली तर तेन्ला काय वाटंल."

बैलबाजारात माझ्या शब्दाला किंमत आहे, आणि ‘चुकलं’ हा शब्द मी आजवर कुणापुढं काढलेला नाही. बाहेर येऊन म्हटलं, "इवाई, एक इच्छा हाय. वाशीला मला करमत न्हाय. ह्या जोडीतला एक मला द्या. त्यो करवंटीतलाच. मला गरीब जनावर आवडतं."

त्यांनी लपवलेली पळी स्टुलावर ठेवली. मग म्हणाले, "आहेर परत देऊ व्हय?"

"परत कुठं? तुमी मला आहेर करा की. मला टॉवेल-टोपी लई झाल्यात."

धाकली टाकी मांडीवर आणि पिशवीतला गुरामी खिशाजवळ धरून मी एसटीनं घरी आलो. कंडक्टरनं विचारलं तर म्हटलं, बैल आहे. पहिले चार दिवस तो हलला नाही. मग हळूहळू वर येऊ लागला, पर उघडले, रेघांना रंग चढला. इवाई रोज फोन करत, माझी चौकशी नाही, "वर येतंय का?" एवढीच. आणि गेल्या महिन्यात काही कार्य नसताना, काही कारण नसताना, इवाई स्वतः वाशीला आले. आमच्याकडं इवाई असा उगा येत नसतो. टाकीपुढं बसले, चष्मा पुसून बघितलं. मासा वर आला, घोट घेऊन डौलात खाली गेला.

"निवड नंबर एक व्हती तुमची," इवाई म्हणाले. "दोनी बी तोडीस तोड. म्हणूनच त्येंचं बसलं न्हाय."

मला काहीतरी म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी म्हटलं, "च्या गार व्हतोय."

चहा झाला तसे ते उठले. मी म्हटलं, रात्रीचं जेवून जावा, राहा आजचा दिवस, माझ्या घरात दुसरं कोण आहे. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "न्हाय इवाई, निघतो. तिकडं त्यो येकटा हाय."

त्या टाकीत निऑनचा सबंध कळप आहे, तळाला बसणारे चार आहेत, मला सगळे तोंडपाठ आहेत. पण मी चपला घातल्या. त्यांची पिशवी हातात घेतली आणि स्टँडपर्यंत सोबत गेलो.