कुंभार पिंपळगावचे दोन प्याले

कुंभार पिंपळगावला गेलो ते दौलतभाऊंसाठी, आणि परत आलो तो संतापून, हे आधीच सांगून टाकतो. मधे कुठं माझा आवाज चढला तर वाचणाऱ्यानं दचकू नये.

आम्ही जालन्याचे तिघं. साठी ओलांडलेले याकोबकाका, दोर वळणारे दौलतभाऊ, आणि मी शमुवेल, शिवणकाम करणारा. गेलं वर्षभर आम्ही रोज पहाटे काकांच्या ओट्यावर बसतो. शास्त्रातला एक अध्याय वाचायचा, प्रार्थना करायची, आणि मग काका एकेकाला विचारतात, "काल कुठं चुकलास?" ज्याला विचारलं त्यानं फक्त आपली चूक सांगायची. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सबब सांगायची नाही, आणि ऐकणाऱ्यांनी उपदेश करायचा नाही. थंडी असो की ताप, नेम मोडायचा नाही. या नेमानं माझी तंबाखू सुटली. डोकं मात्र होतं तसंच तापट आहे.

दौलतभाऊंना अक्षर येत नाही, पण नुसतं ऐकून ऐकून त्यांनी शुभवर्तमानाचे तीन अध्याय पाठ केले. दोर वळता वळता म्हणत असतात. त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, पहिलं प्रभुभोजन राहिलं होतं. सुगी सरल्यावर कुंभार पिंपळगावला पुरुषांची सभा भरणार आणि पाद्रीसाहेब तिथंच भाकर आणि प्याला देणार, असं कळलं. दौलतभाऊ म्हणाले, "मला तिथंच घ्यायचाय प्याला. साऱ्या भावांमधी बसून."

तुम्हाला जायचं असेल तर जालन्याहून सकाळची गाडी धरा आणि रांजणीला उतरा. जवळ निजामाचे हाली पैसे ठेवा, इंग्रजी कलदार रुपये मोडून घेण्यात वेळ जातो. रांजणीहून पुढं घनसावंगीवरून पायीच जावं लागतं. काळी जमीन, सावली थोडी, वहाणा जुन्या असतील तर आधीच शिवून घ्या. भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी एवढं बरोबर असलं की भागतं. पाणी मात्र स्वतःचं न्या. आमच्यासारख्यांना वाटेतल्या विहिरीवर कुणी रहाटाला हात लावू देत नाही.

रांजणीबाहेर एक रिकामी बैलगाडी मिळाली. गाडीवान म्हणाला, "कोण तुमी?"

"ख्रिस्ती," काका म्हणाले.

"ते झालं. त्याच्या आधी कोण?"

काकांनी खरं ते सांगितलं. माझं आणि काकांचं घराणं महारवाड्यातलं, दौलतभाऊंचं मांगवाड्यातलं. गाडीवान जरा विचार करून म्हणाला, "मंग बोचकी ठिवा गाडीत. तुमी या मागून चालत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं बोचकं माझ्यापेक्षा सोवळं? आतलं धोतर चार दिवसांचं मळकं होतं, ते ऐटीत गाडीत बसणार आणि मी अंघोळ करून आलेला माणूस धूळ खात चालणार. मी बोलणार तेवढ्यात दौलतभाऊंनी आपलं बोचकं टाकलंसुद्धा. "शमूदादा, त्याला तरी बसू द्या की. खांदा दुखून राह्यला माझा." घनसावंगीपर्यंत मी त्या गाडीच्या मागं चाललो आणि त्या गाडीवानाच्या सात पिढ्यांचा मनात उद्धार केला. प्रार्थना करणाऱ्या माणसाला ते शोभत नाही, पण केला.

मुक्कामी पोचलो आणि राग उतरला. गावाबाहेर आमराईत पन्नास-साठ पुरुष जमलेले, लांबलांबून चालत आलेले. झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला, तो पहाटे वाजला की सगळे उठतात. प्रार्थना, वाचन, मग झाडलोट. पाणी, सरपण, भाकऱ्या, सगळं पुरुषच करतात. घरी ज्यांनी कधी तवा धरला नाही ते जाडजूड भाकऱ्या थापत होते आणि एकमेकांच्या भाकरीला हसत होते. तुरीचं वरण आणि ठेचा असा झकास की मी तीनदा घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी दौलतभाऊ उभे राहिले आणि एक अख्खा अध्याय न अडखळता म्हणाले. मला इतका अभिमान वाटला, जणू मीच शिकवलं होतं.

संध्याकाळी उद्याच्या प्रभुभोजनाची तयारी चालली होती. मंडळीचे वडील एलियाजी, म्हणजे तिथले मुख्य, काकांसारखेच महारवाड्यातले, पांढऱ्या कापडावर प्याले मांडत होते. प्याले दोन होते.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक आपल्या लोकायचा, एक त्यायचा," एलियाजी सहज म्हणाले, आणि त्यांनी हनुवटीनं दौलतभाऊंकडं दाखवलं. "भाकर एकच हाय. द्राक्षाचा रस बी एकाच बाटलीतला. बराबर चालतं मंग, कुणाची कुरकुर न्हाई."

गाडीवानाला मी माफ करीन, त्यानं आमचं शास्त्र वाचलेलं नाही. पण हे? ज्यांनी सकाळी एकमेकांना भाऊ म्हणून हाका मारल्या, त्यांनी? दौलतभाऊ प्याल्यांकडं पाहत उभे होते. मग सरपण फोडायला गेले. काकाही मूग गिळून बसले, याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

पुढच्या पहाटे काकांनी आमचा नेम सगळ्यांपुढं मांडला. गोल करून बसलो. एकेकजण आपली चूक सांगू लागला. माझी पाळी आली आणि मी उभा राहून एलियाजींवर तुटून पडलो. दोन प्याले मांडणारे हात भाकर कसे मोडतात, असं बोललो. आणखीही बरंच बोललो. माणसं माना खाली घालून बसली. एलियाजींचा चेहरा पडला, आणि मला बरं वाटलं.

काका शांतपणे म्हणाले, "हे त्यायचं झालं, शमू. तुझं सांग."

मी खाली बसलो.

पाद्रीसाहेब आले, प्याला फिरू लागला, तेव्हा दौलतभाऊ उठून लांबच्या आंब्याखाली जाऊन बसले. त्यांच्यासाठी ठेवलेल्या प्याल्याकडं त्यांनी पाहिलं नाही. आमच्या लोकांचा प्याला काकांकडं आला, त्यांनी न पिता पुढं सारला. मग मीही सारला. खरं सांगतो, काकांनी सारला नसता तर मी प्यायलो असतो.

परतीच्या वाटेवर काका पुढं चालत होते. मी पुन्हा एलियाजींना शिव्या घालायला लागलो. दौलतभाऊ म्हणाले, "शमूदादा, त्या माणसानं दोन प्याले समद्यांदेखत मांडले. मी पाह्यलं अन् उठलो. तुमच्या घरचं मला कसं कळायचं?"

"माझ्या घरचं काय?"

"पावसाळ्यात काकांचा ओटा गळत व्हता. तुमचं घर शेजारीच. एक दिस तरी आत बोलावलं का?"

घर लहान आहे, असं मी तेव्हा सांगितलं होतं. घर लहान नाही. माझी आई मांगवाड्यातल्या माणसाला उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मी तिला कधी विचारलंसुद्धा नव्हतं. वर्षभर रोज पहाटे चुका सांगितल्या. तंबाखूची सांगितली, रागाची सांगितली, ही सांगितली नाही. रांजणीपर्यंत मला तोंड उघडायची लाज वाटली.

घरी आल्यावर आईशी भांडलो. उद्यापासून प्रार्थना आपल्या घरात, म्हटलं. तिनं आदळआपट केली, पण दाराला कडी घातली नाही. पहाटे मी दौलतभाऊंना बोलवायला गेलो. "आज न्हाई जमायचं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलो. "आज बी न्हाई." मला राग आला, पण कुणावर काढायचा?

रोज जातो आता. आज गेलो तेव्हा ते अंगणात दोर वळत होते. "बसा," म्हणाले. बसलो. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, ते प्यालो.

"आई काय म्हणून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"अजून धुसफुसते."

"अन् तुमी?"

"मी या म्हणतोय."

त्यांनी दोराला पीळ दिला. "मंग उद्या बी या बोलवायला," ते म्हणाले.