मावशीचं इंजिन आणि माझा गुडघा

रुथ आणि अभय, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या पप्पांना नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. आजही सांगितलं नसतं. पण गेल्या रविवारी अभयनं फोनवर एक साधा प्रश्न विचारला. तो तिकडे कॅनडात कुणाची तरी जुनी गाडी घेतोय, तिचं इंजिन झिजलंय, पूर्ण काम करावं लागेल. म्हणून त्यानं विचारलं, आजी, आपल्या मावशीचं इंजिन बांधायला तेव्हा किती खर्च आला होता?

मी म्हटलं, आठवत नाही रे बाळा.

मला आठवतं. अगदी नीट आठवतं. फोन ठेवला आणि मनात आलं — तेरा वर्षांनी त्याच गोष्टीसाठी, त्याच मुलांशी, पुन्हा खोटं? या वयात? म्हणून हे लिहायला बसले. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तुम्हालाही ते वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत लिहिलं असतं तर माझी चूक फार नीटनेटकी दिसली असती. मराठीत तिला लपायला जागा नाही. तुमचे पप्पा वाचून दाखवतील. म्हणजे त्यांना आधी कळेल, आणि तेही योग्यच आहे, कारण पैसे त्यांचे होते.

आधी मावशीबद्दल. ती आपली पांढरी गाडी. आमच्याकडे आली तेव्हाच ती जुनी होती, राहायला आलेल्या वयस्क मावशीसारखी, म्हणून तिचं नाव मावशी. आजोबा श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा दिवस तिच्यातच जायचा. मला मंडईत ने, कुणाच्या आजारपणाला जा, रविवारी दोन म्हाताऱ्या शेजारणींना चर्चला सोड. गाडी होती म्हणून त्यांना रोज कुठेतरी जायचं असायचं.

मग गाडी धूर सोडायला लागली. साधा नव्हे, निळा, दाट. एका रविवारी उपासना सुटल्यावर आजोबांनी चर्चच्या दारात गाडी सुरू केली आणि निम्मी मंडळी दिसेनाशी झाली. कुणीतरी म्हणालं, "चला, डासांची फवारणी आली, तोंड झाका." सगळे हसले. आजोबाही हसले. घरी येऊन त्यांनी मावशीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. त्यानंतर ते सकाळी ताडपत्री अर्धी वर करायचे आणि पुढच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचायचे. बंद गाडीत. दोन-दोन तास. मी चहा घेऊन गेले की काच खाली करून कप आत घ्यायचे.

तुम्ही काय केलं असतं? — नाही, हा प्रश्न मी तुम्हाला विचारायला नको. मी काय केलं ते सांगते.

मी केडगावला शंकरच्या गॅरेजवर गेले. शंकर माझा जुना विद्यार्थी. इंग्रजीत तो दरवर्षी जेमतेम काठावर पास व्हायचा, पण इंजिनाला हात लावला की त्याला सगळं कळतं. तो घरी येऊन गाडी बघून गेला आणि म्हणाला, "बाई, रिंगा गेल्यात, बोअर झिजलाय, क्रँकला बी काम हाय. वरवर करून भागायचं न्हाई, इंजिन उतरवून बांधावंच लागंल." आमच्याकडे असं इंजिन दुरुस्त करत नाहीत, बांधतात, घर बांधावं तसं. खर्च त्यानं बेचाळीस हजार सांगितला. आणि वर म्हणाला, "खरं सांगू का, एवढ्यात दुसरी गाडी ईल की."

मला दुसरी नको होती. आणि बेचाळीस हजारही नव्हते — म्हणजे माझे नव्हते. कपाटात ऐंशी हजार होते.

ते माझ्या तिकिटाचे होते. तुमच्या पप्पांनी पाठवलेले. नोव्हेंबरात मी कॅनडाला यायचं, रुथचा सहावा वाढदिवस, नाताळ, नवं वर्ष सगळं तुमच्यासोबत करून फेब्रुवारीत परतायचं. आजोबा विमानाला घाबरायचे, ते येणार नव्हते. माझा व्हिसा हातात होता. रुथ, तू तुझ्या खोलीत माझ्यासाठी जागा केली होतीस. तुझी आई फोनवर सांगायची, रुथनं दारावर कागद लावलाय, त्यावर 'आजी' लिहिलंय आणि 'जी' उलटी काढलीय.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी तुमच्या पप्पांना फोन करून सांगितलं, माझा गुडघा गेलाय, डॉक्टर म्हणतात एवढा लांबचा प्रवास नको.

कुठला डॉक्टर? कुणीच नाही. गुडघा ठणठणीत होता. त्या दिवशी सकाळीच मी स्टुलावर चढून माळ्यावरची पातेली उतरवली होती.

पप्पा बिचारे म्हणाले, आई, ते पैसे परत पाठवू नकोस, उपचाराला ठेव. आणि मी — ठेव म्हणाले ते ऐकून मला हायसं वाटलं. हीच ती जागा, मुलांनो. खोटं बोलताना माणसाला घाम फुटतो म्हणतात. मला हायसं वाटलं.

आजोबांनाही मी गुडघ्याचंच कारण दिलं, आणि गाडीच्या पैशांसाठी सांगितलं की भिशी लागली. त्यांनी कधी विचारलं नाही की कुठली भिशी, केव्हा सुरू केली होतीस. शंकरनं इंजिन उतरवलं, तीन आठवड्यांनी बांधून बसवलं. आणि सगळंच सांगायचं तर सगळं सांगते — उरलेल्या पैशांत टायर घेतले, सीटना तपकिरी कव्हरं शिवली आणि हिवाळाभराचं पेट्रोल भागवलं.

पुढची फजिती ऐका. गाडी घरी आणताना शंकर मला म्हणाला, बाई, आता रनिंग काढायचं, लक्षात ठेवा. मी विचार केला, रनिंग म्हणजे पळणं, ते काढायचं म्हणजे पळणं बंद. मी आजोबांना बजावलं, गाडी अजिबात हलवायची नाही. आठ दिवस नवं इंजिन दारात उभं आणि आजोबा पुन्हा आत बसून पेपर वाचतायत. शेवटी शंकर सहज डोकावला, त्यानं हे बघितलं आणि डोक्याला हात लावला. "बाई, इंग्रजी तुमी आमाला शिकवलं, आन् रनिंग तुमालाच कळंना व्हय?" मग त्यानं समजावलं. बांधलेल्या इंजिनाचे भाग एकमेकांत रुळावे लागतात. त्यासाठी पहिले दीड हजार किलोमीटर गाडी चालवायचीच, फक्त चाळीसच्या वर न्यायची नाही. याला रनिंग काढणं म्हणतात. चाळीस वर्षं वर्गात लाल पेन चालवलेली बाई मी. त्या दिवशी माझ्याच एका शब्दाखाली शंकरनं रेघ मारली.

दीड हजार किलोमीटर, चाळीसच्या वेगानं! मोठ्या रस्त्यावर तसं जाता येत नाही, मागचे हॉर्न वाजवून जीव काढतात. म्हणून आम्ही आडरस्ते धरले. मी मागच्या काचेवर चुन्यानं लिहिलं, 'नवे इंजिन. कृपया पुढे जावे.' आणि लोक गेले पुढे. टेम्पो गेले, रिक्षा गेल्या, सुप्याला कारखान्याची पाळी सुटल्यावर दुचाक्यांचा थवाच्या थवा गेला. श्रीगोंद्याकडे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आमच्या पुढे गेला. जाता जाता त्याचा ड्रायव्हर वाकून आजोबांना म्हणाला, "बाबा, नवं इंजिन गाडीचं का तुमचं?" आजोबांनी हातही न हलवता उत्तर दिलं, "गाडीचं नवं, माझं जुनं. आणि शेजारी बसलंय त्याला ब्रेकच नाही." तो इतका हसला की उसाच्या दोन मोळ्या रस्त्यावर पडल्या. आम्ही थांबून त्यातला एक ऊस घेतला आणि मावशीच्या बॉनेटला टेकून सोलून खाल्ला.

असा तो हिवाळा गेला. डबा घ्यायचा, पाण्याची बाटली घ्यायची, निघायचं. कुठे पोहोचायचंच नसायचं. कुणाच्या शेतात हुरडा भाजत असला की लोक स्वतःच हाक मारायचे, या, बसा. गरम हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी. आजोबा अनोळखी माणसांना साखर कशी बनते ते समजावून सांगत बसायचे. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि चव्वेचाळीस वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले नसतील तेवढं त्या तीन महिन्यांत बोलले. चाळीसच्या वेगात इंजिन आवाज करत नाही, सगळं ऐकू येतं.

इकडे गुडघ्याचं काय झालं? तुमच्या पप्पांनी काळजीपोटी पाळकसाहेबांना कळवलं. रविवारी पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं आणि सगळी मंडळी माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थनेला उभी राहिली. मीही उभी राहिले — खाडकन, दोन्ही पायांवर. मग आठवण झाली, तेव्हा बाक धरलं. त्यानंतर दर रविवारी मी लंगडत गेले. एकदा दारात एका म्हातारीनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "सुलोचनाबाई, गेल्या रविवारी डावा होता ना?" मी म्हटलं, दुखणं फिरतंय. देवाच्या दारात उभी राहून म्हटलं.

गुडघ्याचं खोटं आजोबांना कळलं असावं. एकदा हुरड्याच्या वासानं मी शेतातल्या पाण्याच्या पाटावरून उडी मारून पलीकडे गेले. ते मागून सावकाश येत म्हणाले, "आज गुडघा घरी ठेवलास वाटतं." एवढंच. पुन्हा विषय काढला नाही. पैशांचं मात्र त्यांना कधीच कळलं नाही.

आता राहिलेलं सांगते. ते मी इतका वेळ टाळतेय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

डिसेंबरात कॅनडाहून एक पाकीट आलं. आत गुडघ्याला घालायची पट्टी होती, लहान मुलांची, जांभळी, माझ्या मनगटालाही घट्ट झाली असती. रुथ, तू स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतली होतीस. मी काय केलं? ती गुडघ्यावर नुसती टेकवली, वरून पदर घेतला आणि आजोबांकडून फोटो काढून तुला पाठवला. लिहिलं, आता बरं वाटतंय. तू तो फोटो वर्गात दाखवलास. बाईंनी तुला चांदणी दिली. त्या दिवशीसुद्धा मी खरं सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी आम्ही सुप्यापर्यंत फिरून आलो.

हे ऐकणारं कुणीही म्हणेल, म्हातारीनं नवऱ्यासाठी केलं. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत होते. पण ते खरं नाही. तुमच्या पप्पांना सरळ सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते म्हणाले असते, गाडी भंगारात द्या, आई, तू ये. आणि मला यायचं नव्हतं. सहा वर्षांची नात दारावर कागद लावून बसली होती आणि मला पुढच्या सीटवर बसून आडरस्त्यानं हिंडायचं होतं. मला तो हिवाळा हवा होता, माझ्यासाठी. तुम्ही आणि तो हिवाळा यांच्यात मी निवड केली, आणि तुम्हाला कळू दिलं नाही की निवड झाली. पुढच्या वर्षी मी आले खरी. पण तोवर रुथ सात वर्षांची झाली होती, आणि दारावरचा कागद निघाला होता.

तर अभय, खर्च बेचाळीस हजार, वर टायर, कव्हरं आणि पेट्रोल. तो तुझ्या पप्पांनी दिला आणि रुथनं दिला. मी दिला नाही. मी फक्त बसले, आणि तितकी सुखात मी आधी कधी बसले नव्हते. त्या सुखाचा मला पश्चात्ताप होत नाही, खोटं सांगत नाही. पट्टीचा होतो. रोज नाही, पण होतो.

आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. त्या हिवाळ्यातल्या आता आम्ही दोघीच उरलोय, मी आणि मावशी. दोघी अजून चालू आहोत.