खिशातला फ्यूज

आमचे हे वीज खात्यात वायरमन होते. नोकरी संपली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. कशालाही हात लावायचा तर आधी पुरवठा तोडायचा, फ्यूज काढायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा. तिथेच ठेवला तर कुणीतरी शहाणा येऊन लावतो आणि खांबावरचा माणूस हकनाक जातो. ह्यांच्या डोळ्यांदेखत एकदा तसं झालं होतं. तेव्हापासून हा माणूस जो धसकला तो धसकलाच. घरात मिक्सर पुसायचा म्हटलं तरी सगळ्या घराची वीज बंद, आणि मी अंधारात भांडी चाचपत उभी.

लेक लहान होती तेव्हा ह्यांनी पक्कड हातात घेतली की ती रडायला लागायची, बाबांना शॉक बसेल म्हणून. मग हे खिशावर दोन बोटं आपटून म्हणायचे, "फ्यूज इथे आहे. आता कुणाला काही होत नाही." पुढे परीक्षा असो की ताप, ह्यांची बोटं खिशावर जायची आणि ती हसायची.

त्या लेकीच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती, आणि ऑपरेशननंतर आवाज परत येईलच असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. ती राहते लांब. माझं खुब्याचं हाड मोडलेलं, मला सोडून ह्यांना जाता येईना. म्हणून ठरलं की दुपारी तिला आत नेण्याआधी जावई व्हिडिओ कॉल लावतील. आमचे दोघांचे फोन बटणांचे. त्यात आवाज येतो, चेहरा दिसत नाही, आणि लेकीला तर बोलायचीच बंदी. तेव्हा सगळी भिस्त जुन्या लॅपटॉपवर.

लॅपटॉपही आमच्याच वयाचा म्हणायचा. मागे एका अपडेटनंतर त्याच्या आतल्या वायफायचा ड्रायव्हर चालेनासा झाला. ड्रायव्हर म्हणजे त्या भागाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम. नवा काही मिळेना, म्हणून दुरुस्तीवाल्याने नखाएवढा वायफायचा तुकडा बाजूच्या खाचेत खोचून दिला होता. तेव्हापासून सुरळीत होतं.

त्या दिवशी ह्यांनी लॅपटॉप लख्ख पुसला. लेकीला आपण स्वच्छ दिसलो पाहिजे म्हणे. मग चालू केला, तर वायफायची खूणच नाही.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"डिव्हाइस मॅनेजर उघडा काका. पिवळं चिन्ह दिसतंय कुठे?"

"दिसतंय. वायरलेसच्या नावापुढेच."

"मग ड्रायव्हरच बिघडलाय. तो काढून टाका आणि मशीन पुन्हा चालू करा. तो छोटा तुकडा लावलाय ना?"

"लावलेलाच असतो तो," हे म्हणाले आणि कामाला लागले.

ड्रायव्हर काढला, लॅपटॉप बंद-चालू केला, पिवळं चिन्ह पुन्हा हजर. अपडेट करायला गेले, तर ते म्हणे आधी इंटरनेट जोडा. अरे, इंटरनेट असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो, असं मीच त्या स्क्रीनला सुनावलं. त्यांचा तरी फोन मिळेल म्हणून मी वॉकर ओढत समोरच्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. कुलूप होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जावई होते.

"आई, तुम्ही दिसत का नाही आहात? आत न्यायला माणूस आलाय. ती सारखी स्क्रीनकडे बघतेय."

"पाच मिनिटं थांबवा हो त्याला," मी म्हणाले. आवाज कदाचित जाईलही, पण तिला आमचं तोंडही न दाखवता आत पाठवायचं?

हे खुर्चीत मागे रेलले. घामाने डबडबलेले. "माझ्या छातीत धडधडतंय गं," म्हणाले. मी घाबरून त्यांच्या छातीवर हात ठेवला. हाताला काहीतरी टोचलं.

खिशात तो नखाएवढा तुकडा होता. लॅपटॉप पुसण्याआधी ह्यांनी फ्यूज काढून ठेवला होता, आणि तासभर आतल्या मेलेल्या वायफायशी झुंजत बसले होते.

एरवी मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं. त्या क्षणी तुकडा खाचेत दाबला. वायफायची खूण आली, आणि लगेच रिंग वाजली.

लेक दिसली. केसांवर हिरवी टोपी, डोळे मोठाले झालेले. हे स्क्रीनजवळ सरकले. मग त्यांची दोन बोटं खिशावर गेली आणि टक टक वाजली.

ती हसली. आवाज नाही, नुसती हसली. स्ट्रेचरची गाडी सरकली, आणि स्क्रीनवर भिंत राहिली.

खिसा रिकामा होता. ते मला माहीत होतं आणि ह्यांनाही. तरी त्यांनी बोटं काढली नाहीत, आणि मीही त्यांना काढू दिली नसती.