‘सांगतात’ नव्हे, ‘सांगत’

आधीच सांगून टाकते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. विश्वास ठेवणाऱ्यांशी मी भांडते. काळाचौकीच्या नाक्यावर उभी राहून बुवाबाजीच्या विरोधात पत्रकं वाटलेली मुलगी आहे मी. ‘मिरची भजीत घाला, दारात टांगू नका’ हे त्या पत्रकातलं वाक्य माझंच. भुताखेतांच्या अनुभवांचा हा ग्रुपसुद्धा मी इतके दिवस वाचायचे ती हसायला... राग आला तर येऊ दे, पण खोटं कशाला बोलू? आज मलाच इथे लिहावं लागतंय, आणि कुणी हसलं तरी माझी तक्रार नाही.

आमची चाळ काळाचौकीत, बंद पडलेल्या एका गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून. दुसरा मजला, जिन्यापासून चौथी खोली. घरात मी, आई आणि बाबा. बाबा त्याच गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर. भिंतीपलीकडे गिरणीचं पटांगण आहे. तिथे कबड्डी, क्रिकेट, लग्नाच्या पंगती, गणपतीचा मांडव, सगळं होतं. मालकाने गिरणी बंद करण्याआधी कॅन्टीनमध्ये कामगारांना बोलावून सांगितलं होतं की हे पटांगण चाळीतल्या मुलांना राहील. तसा कागदही झाला. पाच कामगारांनी त्यावर सह्या केल्या. कागद पुढे कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. सह्या करणाऱ्यांपैकी दोघेच उरले – घोडपदेवचे पेडणेकरकाका आणि माझे बाबा.

आणि एके दिवशी मोबाईलवर बातमी आली : ‘गिरणगावात आता डेटा सेंटर!’ कुठे, तर आमच्या पटांगणावर. खाली मंत्र्याचा हसरा फोटो. लोकांच्या हरकतींवर सरकारी सुनावणी तेवढी व्हायची होती.

आता मी काय करते ते सांगते. आमची एक छोटी समिती आहे, चाळीच्या प्रश्नांवर भांडणारी. पत्रकं मी लिहिते आणि न्यूज पोर्टलवरच्या बातम्यांखाली प्रतिक्रियाही मीच टाकते. टॅक्सीवाल्यांचं ॲप असो, चेहरा ओळखणारे कॅमेरे असोत की कुठल्या उद्योगपतीला फुकट मिळालेली जमीन असो, मी सोडत नाही. त्या कमेंट्स हजारो लोक वाचतात, आमचं पत्रक वाचतात दोनशे, आणि त्यातले निम्मे त्यावर वडापाव ठेवतात. बाबा सकाळी विचारायचे, “काय गो, आज कोणाचो नंबर?”

पत्रक लिहायला मला समितीतल्या एका जुन्या कार्यकर्तीने शिकवलं. तिचा एकच कायदा होता : पत्रकात भूतकाळ नको. ‘पटांगण आमचं होतं’ लिहिलंस की लोक म्हणतात, गेलं ते गेलं. ‘आहे’ लिही. ‘साक्षीदार होते’ नको, ‘आहेत’. हे माझ्या हातात इतकं मुरलंय की मेलेल्या माणसांबद्दलसुद्धा मी कधीकधी वर्तमानकाळात लिहून जाते. हे लक्षात ठेवा.

डेटा सेंटरच्या बातमीखाली मी लिहिलं, ‘मंत्र्यांच्या आशिर्वादाने मैदानं गिळण्याचा हा धंदा आहे.’ पाच मिनिटांत खाली उत्तर :

‘आशिर्वादाने’ नव्हे, ‘आशीर्वादाने’.

नाव ‘मुद्रितशोधक’. फोटो नाही. मुद्द्यावर अवाक्षर नाही. मराठी माणसाची ही खोडच आहे – घर पेटलंय असं ओरडा, तो ‘पेटलंय’वरचा अनुस्वार तपासतो. मी लिहिलं, ‘धन्यवाद गुरुजी, आता मैदानाबद्दल बोला.’ तो बोलला नाही. पुढचे काही दिवस मात्र तो माझ्या प्रत्येक कमेंटखाली यायचा. ‘परिक्षा’ नव्हे, ‘परीक्षा’. ‘ऊद्योग’ नव्हे, ‘उद्योग’. प्रत्येक वेळी त्याचंच बरोबर असायचं. बाकी कुणाच्या कमेंटखाली तो गेला नाही, आणि तिथे तर शुद्धलेखनाची कत्तल चालू होती.

समीर – समितीतला माझा मित्र, आमच्याच चाळीतला – म्हणाला, “कंपनीचा माणूस असणार. तुला डिस्ट्रॅक्ट करतायत. इग्नोर मार ना.”

मग एका बुधवारी सकाळी मी लिहिलं, ‘घोडपदेवचे पेडणेकरकाका या कागदाचे साक्षीदार आहेत.’

‘आहेत’ नव्हे, ‘होते’.

वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. मी चिडले, स्क्रीनशॉट काढून समीरला पाठवला आणि लगेच काकांना फोन लावला. म्हटलं, काका, तुम्हाला भूतकाळात टाकलाय एकाने.

काका मनसोक्त हसले. “अगो, मग मी आता भूत होऊन बोलतोय काय तुझ्याशी? त्याला सांग, पेडणेकर सुनावणीला येणार. इस्त्रीचा शर्ट घालून येणार.”

संध्याकाळी चारच्या सुमाराला काका गेले. चाळीखाली कॅरम बघत उभे होते, बघता बघता बसले आणि उठलेच नाहीत.

मी काय विचार केला असेल? म्हातारा माणूस, हार्टचं दुखणं, योगायोग. दुसरं काय? तरी मी एक प्रयोग केला. प्रयोगच म्हणते, कारण विश्वास असता तर केला नसता. वेगवेगळ्या बातम्यांखाली मी पंधरा-वीस जिवंत माणसांबद्दल ‘आहेत, आहेत’ लिहिलं. मंत्री आहेत, नगरसेवक आहेत, कंपनीचे डायरेक्टर आहेत. मुद्रितशोधक कुठेच आला नाही. समीर हसला, “मंत्र्याच्या वेळी तरी यायचं होतं रे त्याने!” मीही हसले. फक्त बाबांबद्दल काही लिहायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं. कारण विचारू नका. तेव्हा ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

सुनावणी काका गेल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी होती. बाबांनी उभं राहून सांगायचं, अधिकाऱ्याने नोंदवायचं, एवढंच आमचं भांडवल. आदल्या गुरुवारी कंपनीची मोठी बातमी आली, ‘विरोध करणाऱ्यांकडे पुरावा नाही’. खाली कुणीतरी मला टॅग करून लिहिलं, ‘ताई, विकास नको तर गुहेत राहा. पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर पटांगणात गोट्या खेळा.’ शंभरएक लोकांनी त्याला हसण्याचे इमोजी दिले होते. माझं डोकं फिरलं. दुपारचे साडेबारा, मी गॅलरीत उभी, एका हातात कपड्यांची बादली... अंगठ्याने टाइप केलं आणि पाठवलं :

‘पुरावा माझ्या घरात आहे. माझे वडील सांगतात, मालकाने सगळ्यांसमोर पटांगण मुलांना दिलं.’

पाठवल्यावर कळलं मी काय केलं ते. खोटं नाही सांगत, बादली हातातून सुटली. आणि उत्तर समोर येऊन पडलंच होतं.

एक अक्षर जास्त पडलं आहे. ‘सांगतात’ नव्हे, ‘सांगत’.

मी घरात धावले. बाबा जमिनीवर बसून भाकरी-सुकट जेवत होते.

“बाबा, बरे आहात ना?”

“माका काय धाड भरली?” ते म्हणाले. “बादली कित्याक आपटलंस? खालच्यांच्या डोक्यार पडात.”

मी आयुष्यात कधी स्वतःची कमेंट डिलीट केलेली नाही, लोकांनी धमक्या दिल्या तरी. ती केली. बाबांना ओढत डॉक्टरकडे नेलं. बीपी किंचित वर, कार्डिओग्राम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “एकदम फिट आहेत. तुम्हीच जरा झोपा.” समीरला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, “मग आज रात्री बाबांचं बोलणं व्हिडिओवर घेऊ या का? असू दे आपल्याकडे.”

इथे माझी चूक आहे, आणि ती मला लिहायचीच आहे. मी नाही म्हटलं. समीरला कारण दिलं की अधिकारी व्हिडिओ मानत नाहीत. बाबाही म्हणाले, “मी काय मराक टेकलंय? त्या डबड्यात कित्याक? सोमवारी सायबाच्या तोंडार सांगतलंय.” पण बाबांना मी पटवलं असतं. ते माझं ऐकतात, निदान शेवटी ऐकतात. खरं कारण वेगळं होतं. व्हिडिओ काढला असता तर मी त्या मुद्रितशोधकावर विश्वास ठेवला असं झालं असतं... आणि मी तर असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही ना! दहा मिनिटांचं काम होतं. फोन चार्ज होता.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी रात्रीतून उठून बाबांचा श्वास बघायचे. रविवारी सकाळी आईने चहा ओतला. बाबांनी कप उचलला, माझ्याकडे बघून हसले, रोजचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं... आणि काहीतरी भलतंच बाहेर आलं. आवाज होता, शब्द नव्हते. आईला वाटलं, चेष्टा करतायत. ती म्हणाली, “पुरे, चहा निवतो.” बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला इथे लिहिता येणार नाही.

समीरने टॅक्सी आणली. परळला, सरकारी इस्पितळात. मेंदूत गुठळी. बाबा वाचले. हात चालतात, पाय चालतात, चौथ्या दिवशी ते स्वतःच्या हाताने जेवले. फक्त बोलणं गेलं. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने समजावलं, “त्यांना सगळं कळतं, आठवतंही सगळं. शब्द तोंडापर्यंत येत नाहीत. लिहिणंही तसंच. कदाचित थोडं सुधारेल, कदाचित नाही.”

मी वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर बसले आणि तेव्हा कुठे ते वाक्य मला नीट वाचता आलं. मी इतके दिवस मरणाला घाबरत होते. त्याने मरणाचं काही लिहिलंच नव्हतं. काकांच्या वेळी ‘होते’ लिहिलं, बाबांना नाही लिहिलं. बाबा आहेत. बाबा सांगत, म्हणजे पूर्वी सांगायचे. व्याकरण बिनचूक होतं.

पोर्टलला मी तीन मेल केले. उत्तर आलं, या नावाचा कोणीही वाचक आमच्याकडे नोंदलेला नाही, तुमच्या कमेंट्सखाली कुठलीही उत्तरं दिसत नाहीत. समीरच्या फोनमध्ये काकांचा तो स्क्रीनशॉट अजून आहे, वेळेसकट. पोर्टलला तोही पाठवला. ते म्हणाले, हल्ली असं काहीही बनवता येतं. खरंय... मीच असंच म्हटलं असतं. कंपनीचा माणूस होता म्हणू? कंपनीच्या माणसाला सकाळी अकराला कसं कळणार की काका चारला जाणार? आणि रक्ताची गुठळी कुठल्या शब्दावर बसणार?

सुनावणी दोन आठवड्यांनी पुढे ढकलली होती. बाबा हट्टाने आले, इस्त्रीचा शर्ट घालून. अधिकारी माणूस वाईट नव्हता, त्याने बाबांना खुर्ची दिली. म्हणाला, “आजोबा, घाई नाही. बोला.”

बाबांनी बोलायचा प्रयत्न केला. खोलीतले सगळे खाली बघायला लागले, कंपनीचा वकीलसुद्धा. मग बाबांनी हात टेबलावर ठेवला आणि बोटाने रेघ ओढायला लागले. इथून इथे भिंत, इथे कॅन्टीन, इथे पाण्याचं पिंप, आणि मधली सगळी जागा तळहाताने पुसून पुसून दाखवली, आमची, आमची. टेबलावर अर्थातच काही उमटलं नाही. अधिकारी हळू आवाजात म्हणाला, “हे मला नोंदवता येणार नाही. मुलीने काय ऐकलंय ते घ्या.”

मी सांगितलं. शेजारी कारकून टाइप करत होता. मध्येच तो थांबला, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, “मॅडम, ‘वडील असे सांगतात’ लिहू, की ‘सांगत’? सांगतात लिहिलं तर समोरचे हरकत घेतील. ते तर इथे बसलेत आणि सांगत काहीच नाहीयेत.”

त्याचं बरोबर होतं. खोटं नोंदलं गेलं असतं तर अख्खा जबाब बाद झाला असता. मी बाबांकडे पाहिलं नाही. टेबलाकडे बघून म्हटलं, “सांगत.”

बाबांना सगळं कळतं. त्यांचा टेबलावरचा हात थांबला.

निकाल अजून लागलेला नाही. तो मुद्रितशोधक कोण होता, होता की नाही, याचं माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही, आणि तुम्ही द्याल ते मी याआधी स्वतःला देऊन बघितलेलं असणार. त्याची दुरुस्ती पोर्टलवर आता कुठेच दिसत नाही. माझी मात्र सरकारी कागदावर आहे, खाली माझी सही आहे. बाबा समोरच बसलेत, मी हे टाइप करताना बघतायत. काय लिहितेस, असं विचारत नाहीत.